पोरांची परीक्षा झाली, आता यंत्राची घ्या



19 ऑक्टोबरला कटफळजवळ शिकाऊ विमान पडलं. 22 ला गोजुबावीजवळ दुसरं. चार दिवसांत दोन! जीव कुणाचा गेला नाही, हे नशीब. पण ग्रुपवर नेहमीचं सुरू झालं: "शिकाऊ पोरं, पाडणारच. लायसन नसताना विमान देतातच कशाला?"

हेच मी गेल्या वर्षीही ऐकलं. 25 जुलै 2022 ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात सेसना 152 कोसळलं. आत एकटी विद्यार्थिनी होती. गावकरी धावले, तिला मदत केली. आणि इकडे चहाच्या टपरीवर काय चर्चा? "पोरीच्या हातात विमान दिल्यावर दुसरं काय होणार!" चौकशी व्हायच्या आधीच निकाल लागला.

आधी एक गैरसमज काढून टाका. एकटं उडणारं पोरगं बिनलायसनचं नसतं. विद्यार्थी वैमानिकाचं वेगळं लायसन असतं. त्यासाठी वय किमान 16 लागतं, डॉक्टरी तपासणी लागते. त्यावर एकट्यानं उडायचं तेही प्रशिक्षकानं परवानगी दिली तरच. पुढं व्यावसायिक लायसनसाठी वय 18, बारावीला फिजिक्स आणि गणित, हवामानापासून नियमांपर्यंतचे पेपर, आणि 200 तास उड्डाण. तासन् तास लॉगबुकात लिहिला जातो. म्हणजे पोरांना नियम कमी नाहीत.

मग प्रश्न कुठं आहे? ती दोन सीटांची हलकी विमानं दिवसभर चढतात, उतरतात, पुन्हा चढतात. एकाच इंजिनवर. ते बंद पडलं की खाली दिसेल ते शेत. अशा यंत्राची देखभाल वेळच्या वेळी होते का, कोण करतं, त्यावर सही कोण करतं, हे पोराच्या हातात नसतं. ते संस्थेच्या हातात असतं. आणि संस्थेवर नजर ठेवायची ती डीजीसीएनं.

या दोन अपघातांनंतर डीजीसीएनं त्या संस्थेची प्रशिक्षणाची मान्यताच स्थगित केली. बरं केलं. पण याचा अर्थ नीट वाचा. कारवाई विद्यार्थ्यांवर नाही, संस्थेवर झाली. म्हणजे दुखणं कुठं आहे ते दिल्लीला कळलंय, आपल्या ग्रुपवाल्यांना अजून कळायचंय. आणि दिल्लीलाही दुसरं विमान पडल्यावरच जाग यावी?

कुणी म्हणेल, बंद करा ही विमानं. मी नाही म्हणणार. बारामतीत पायलट घडतात याचा मला अभिमान आहे. या पोरांच्या आईबापांनी लाखो रुपये भरलेत, काहींनी कर्ज काढून. त्यांना चांगलं यंत्र मिळणं हा त्यांचा हक्क आहे. आणि खाली ऊस तोडणाऱ्या, खुरपणाऱ्या बायांनाही डोक्यावरून धड विमान जाण्याचा हक्क आहे.

म्हणून मागण्या तीनच.

1. स्थगिती उठवताना काय तपासलं, काय सापडलं, ते जाहीर करा.
2. प्रत्येक अपघाताचा चौकशी अहवाल मराठीत त्या गावच्या ग्रामपंचायतीत लावा.
3. पिकाचं नुकसान झालं तर पंचनामा लगेच, आणि भरपाई संस्थेनं द्यायची. शेतकऱ्यानं हेलपाटे घालायचे नाहीत.

परवा दसऱ्याला आपण ट्रॅक्टर धुतला, हार घातला, नारळ फोडला. पण हंगामाआधी ऑइल बदलायचं ते बदलतोच ना? नारळावर ट्रॅक्टर चालत नाही. विमान तर त्याहून नाही.

आमदार, खासदार, सगळ्या पक्षांचे पुढारी ही पोस्ट वाचतील अशी आशा. तुम्हाला पटलं तर त्यांना पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण त्या पोरीला मध्ये आणू नका.