चाळिशी घराची नव्हे, ज्याची त्याची!

जवळचे पाहण्याच्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो, ते उगीच नाही. चाळिसाव्या वर्षाच्या आसपास डोळ्यातले नैसर्गिक भिंग ताठर होऊ लागते आणि वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागते. हा आजार नव्हे. सगळ्यांच्याच वाट्याला येणारी ही गोष्ट आहे. तरीही आमच्या नांदेड-लातूरकडच्या कितीतरी घरांत मी एकच चाळिशी पाहतो. ती वडिलांची असते. त्यांचा पेपर वाचून झाला, की त्याच चष्म्यातून आई तांदूळ निवडते, सुईत दोरा ओवते. वेगळा चष्मा घे म्हटले, तर उत्तर ठरलेले: 'मला कुठं वाचायचंय?'

हे उत्तर मला मान्य नाही. जवळची नजर काय फक्त वाचायला लागते? नांदेडला खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात, तिथली शिवण नजरेवरच चालते. लातूरच्या बाजारात तुरीचा दाणा पारखायचा तोही नजरेनेच. आसामच्या चहामळ्यांतील चाळिशी ओलांडलेल्या मजुरांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा दिला, त्यांचे काम इतरांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी वाढले. एवढ्याशा चष्म्याची ही किमया!

मात्र चष्मा रोज वापरता येईल असा हवा. जड असला, की तो नाकावरून घसरतो आणि शेवटी देवळीत जाऊन बसतो. प्लास्टिकचे भिंग काचेच्या जवळपास निम्म्या वजनाचे असते आणि पडले तरी सहसा फुटत नाही. त्यावर चरे लवकर पडतात, म्हणून चरे रोखणारा लेप मागून घ्यावा. फ्रेम लवचीक असावी, काड्यांच्या बिजागऱ्या घट्ट असाव्यात. दुकानात पाच मिनिटे खाली मान घालून बसावे. चष्मा घसरला, तर दुसरा पाहावा.

आपल्याकडे धूळ भरपूर. पदराने कोरडा चष्मा पुसला, की तीच धूळ भिंगावर चरे पाडते. आधी पाण्याने धुवावा, मग मऊ सुती कापडाने टिपावा. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा बंद मोटारीत चष्मा ठेवू नये. फ्रेम वाकते, लेप तडकतो.

रस्त्यावरचा तयार चष्मा अडीअडचणीला ठीक. पण त्यात दोन्ही डोळ्यांचा नंबर एकच असतो. आपले डोळे तसे असतीलच असे नाही. शिवाय काचबिंदू बहुधा दुखल्याखुपल्याशिवाय नजर खातो. तो तपासणीतच सापडतो, चष्म्याच्या गाड्यावर नव्हे.

म्हणून माझे सांगणे सरळ आहे. या महिन्यात आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या आणि तिच्या नंबराचा, तिच्या नाकावर बसणारा चष्मा तिला घेऊन द्या. ती नको म्हणेल. तिचे ऐकू नका.