दगडी घराचा ‘उपयोग’

जुन्या दगडी घराचा आता उपयोग उरला नाही, ते पाडून तेथे गोदाम बांधावे, असा सल्ला भिवंडी तालुक्यात आज ज्याला त्याला फुकट मिळतो. नाशिक महामार्गालगत भातखाचरे बुजवून पत्र्याच्या छपरांची गोदामे उभी राहिली. त्यांनी अनेकांच्या चुली पेटवल्या, हे मला मान्य आहे. माझे भांडण गोदामांशी नाही. ‘उपयोग उरला नाही’ या तीन शब्दांशी आहे.

उदाहरणासाठी फार दूर जावयास नको. मुंबई बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना, सोळाव्या शतकाच्या मध्यास, ते गार्सिया द ओर्ता या वैद्याला वार्षिक खंडाने मिळाले. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचे दगडी घर त्याचेच, असे इतिहासकार सामान्यतः मानतात. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या वनौषधींवरील ग्रंथात तो मुंबईतील आपल्या आंब्याच्या झाडाचा उल्लेख मोठ्या कौतुकाने करतो. ते म्हणे वर्षातून दोनदा फळे. असे हे बागायतीतले घर. पुढे १६२६ साली इंग्रज व डच आरमाराने त्यावर हल्ला केला, तेव्हा एका इंग्रज खलाशाच्या नोंदीप्रमाणे ते एकाच वेळी गोदाम, मठ आणि गढी होते! म्हणजे गोदामासाठी घर पाडावेच लागते, ही आजची अक्कल त्या काळी कोणाला सुचली नव्हती. हल्लेखोरांनी घर जाळले. तरी वास्तू पुन्हा नांदती झाली. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी मुंबई इंग्रजांच्या हवाली झाली, ती डोना इग्नेझ दे मिरांडा या विधवेच्या याच घरात. इंग्रजांनी त्याभोवती तट घालून त्याचा किल्ला केला. आज ती जागा नौदलाच्या ‘आंग्रे’ तळात आहे. ज्या कान्होजींनी त्या किल्ल्याच्या मालकांची झोप उडवली, त्यांचेच नाव आता तेथे नांदते आहे.

पाडणाऱ्यांइतकीच तक्रार मला आपल्या समाजातील मिरवणाऱ्यांविषयीही आहे. पोर्तुगीज कमान दिसली की आपली छाती फुगते. पण ओर्ता ज्यू घराण्यात जन्मलेला, सक्तीने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबातला होता. १५६८ साली तो वारला. दुसऱ्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळले आणि १५८० साली त्याची हाडे उकरून तीही जाळली. हे आपल्या धर्मपीठाच्या नावाने झाले. पुरोहित म्हणून हे लिहिताना लेखणी अडखळते, पण हे गाळून घराचा इतिहास सांगणे म्हणजे भिंत ठेवून पाया विकण्यासारखे आहे. ‘आमचा वारसा’ म्हणायचे असेल, तर ही राखही आमचीच.

‘ते मुंबईचे घर, सत्तेचे घर; आमच्या पडक्या जोत्याला कोण विचारतो?’ असे कोणी म्हणेल. विचारणारा नसतो, म्हणूनच जोते जाते. काळ्या दगडाच्या जाड भिंतींत उन्हाळ्यात गारवा राहतो. तेथे बालवाडी भरू शकते, दवाखाना चालू शकतो, भाताचे पोते सुके राहू शकते, आणि हवे असेल तर व्यापाऱ्याचा मालही राहू शकतो. छप्पर नवे घाला, दारे रुंद करा. त्याला माझी हरकत नाही. मात्र बयाणा घेण्याआधी गावातील जाणत्या म्हाताऱ्यांना बोलवा आणि त्या घरात आजवर कोण कोण राहिले, कोणाला त्यातून हाकलले गेले, हे वहीत उतरवून घ्या.