संशयितांची यादी आणि देवरीचा विद्यार्थी

देवरी हा गोंदिया जिल्ह्याचा छत्तीसगडच्या सीमेवरचा आदिवासीबहुल तालुका. येथील मागासवर्गीय विद्यार्थ्याचे शिक्षण आज संगणकाच्या पडद्यावर अवलंबून आहे. जातीचा दाखला, जात पडताळणी, परीक्षेचा फॉर्म सारे ऑनलाइन. शिष्यवृत्तीचा अर्जही २०१७ पासून महाडीबीटी पोर्टलवर गेला. बहुतेकांच्या घरी संगणक नाही, म्हणून सेवा केंद्र किंवा नेट कॅफे गाठावे लागते. तेथे अर्जाच्या शेवटच्या दिवशी पडद्यावर लाल चौकट उमटली आणि अँटिव्हायरसने ‘ही वेबसाइट धोकादायक आहे’ असे सांगून दार लावून घेतले, तर काय? वेबसाइट खरोखर धोकादायक असेल तर अँटिव्हायरसचे उपकारच मानले पाहिजेत. पण ती निर्दोष असेल तर? या खोट्या इशाऱ्याला संगणकाच्या भाषेत ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणतात. हा प्रश्न तांत्रिक वाटतो, परंतु तो न्यायाचाही आहे.

अँटिव्हायरस तीन प्रकारे काम करतो. पहिला प्रकार ओळखपत्राचा : पूर्वी सापडलेल्या व्हायरसच्या खुणा यादीत असतात, त्या जुळल्या की फाइल पकडली जाते. दुसरा वागणुकीचा : प्रोग्राम चोरासारखा वागतो असे वाटले की त्याला थांबवायचे. तिसरा पतीचा : वेबसाइट किती जुनी आहे, किती लोक तिच्याकडे जातात, तिचा सर्व्हर कोणता, यावरून तिची लायकी ठरवायची. पहिल्या प्रकारात निदान पुरावा असतो. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारात असतो तो बहुतांशी अंदाज.

अंदाज फार अचूक असला तरी काय होते, हे साध्या हिशेबाने कळेल. समजा, एक लाख वेबसाइटांपैकी एक हजार वाईट आहेत आणि अँटिव्हायरस शंभरात ९९ वेळा बरोबर ठरतो. तो एक हजारांपैकी ९९० वाईट वेबसाइट पकडेल. पण उरलेल्या ९९ हजार चांगल्या वेबसाइटांपैकी एक टक्का, म्हणजे ९९० वेबसाइटही तो अडवील. एकूण १,९८० इशाऱ्यांपैकी निम्मे खोटे! चांगल्यांची संख्याच मोठी असल्यामुळे लहानशी चूकही पुष्कळ निर्दोषांना भोवते.

चुका केवळ लहान कंपन्यांकडून होतात असेही नाही. ३१ जानेवारी २००९ रोजी गुगलच्या धोकादायक वेबसाइटांच्या यादीत माणसाच्या चुकीने नुसती एक तिरकी रेघ शिरली. ती रेघ प्रत्येक वेबसाइटच्या पत्त्यात असते. परिणामी सुमारे पाऊण तास गुगलच्या शोधात जवळजवळ सारे जग धोकादायक ठरले. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक आवश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि असंख्य संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले. या चुका काही तासांत मान्य झाल्या व दुरुस्त्या निघाल्या, कारण ओरडणारे मोठे होते.

लहानांची गोष्ट वेगळी. एखाद्या बुद्धविहार समितीची, वाचनालयाची किंवा विद्यार्थी संघटनेची वेबसाइट नवी असते, तिचे वाचक मोजके असतात आणि स्वस्त पडते म्हणून ती शेकडो वेबसाइटांच्या सामाईक सर्व्हरवर असते. त्यातील एकीने घाण केली की त्या सर्व्हरचा पत्ताच काळ्या यादीत जाऊ शकतो. शेजाऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा साऱ्या वस्तीला! हा न्याय आपल्या परिचयाचा आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, तरी कोठे चोरी झाली की पोलीस आधी पारध्याच्या पालावर जातात. यंत्राला जात कळत नाही, हे खरे. पण कृतीचा पुरावा न पाहता ओळखीवरून संशय घ्यायचा आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार संशयितावर टाकायचा, ही पद्धत यंत्रातही उतरू शकते.

सरकारी बंदीतही हाच प्रकार दिसला. २००३ साली मेघालयातील एका संघटनेशी संबंधित एकच याहू ग्रुप बंद करण्याचा आदेश होता. इंटरनेट कंपन्यांना एकच ग्रुप अडवणे जमेना, म्हणून त्यांनी सारे याहू ग्रुप अडवले. जुलै २००६ मध्ये मोजक्या पानांच्या यादीसाठी संपूर्ण ब्लॉगस्पॉट बंद पडले. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी बंदीची तरतूद कायम ठेवली, परंतु बंदीची कारणे लेखी असली पाहिजेत, म्हणजे त्यांना आव्हान देता येते, यावर भर दिला. खाजगी कंपनीच्या लाल चौकटीला एवढेही बंधन नाही. वेबसाइट चालवणाऱ्याला आपण अडवले गेलो हे कित्येकदा कळतही नाही.

मग अँटिव्हायरस बंद करून टाकावा काय? मुळीच नाही. खोट्या इशाऱ्यांचे सर्वात मोठे नुकसान हेच आहे की लोक कंटाळून पहाराच काढून टाकतात. शिष्यवृत्तीच्या नावाने फसवणाऱ्या बनावट वेबसाइटही असतात. म्हणून आधी पत्ता अक्षर न् अक्षर तपासावा. केवळ रंगरूप पाहून विश्वास ठेवू नये. शंका राहिली तर व्हायरसटोटलसारख्या सेवेवर तोच पत्ता अनेक अँटिव्हायरसकडून तपासून घ्यावा. खात्री पटल्यावरच कंपनीकडे चुकीच्या इशाऱ्याची तक्रार नोंदवावी. पडद्याचे छायाचित्र तारीख-वेळेसह जपून ठेवावे.

परंतु सारा भार विद्यार्थ्यावर का? अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला समाजकल्याण कार्यालयासाठी देवरीहून गोंदियाला जावे लागते. त्यात एका दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे जाते. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय देवरीतच आहे. या दोन्ही कार्यालयांनी तांत्रिक अडथळ्याचा पुरावा देणाऱ्याचा अर्ज कागदावर स्वीकारून तारीख ग्राह्य धरावी. कंपन्यांनी अडवण्याचे कारण, तक्रारीची मराठीतील सोय आणि उत्तराची मुदत त्या लाल चौकटीतच द्यावी. पहारेकरी हवाच; पण त्याने अडवले तर दाद कोठे मागायची, हे दारावर लिहिलेले असले पाहिजे. यंत्राची चूक कंपनी पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त करील. विद्यार्थ्याचे बुडालेले वर्ष मात्र कोणत्याही अपडेटने परत येत नाही.