पट कमी झाला की केला?

जिल्हा परिषदेच्या शाळेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "पोरंच नाहीत, तर शाळा कशाला?" अधिकारी म्हणतात, पुढारी म्हणतात, आणि आता गावातलीच माणसंही म्हणायला लागलीत. म्हणून मंडळी, जरा हिशेब मांडू.

समग्र शिक्षा योजनेत ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान आहे. महिन्याला पडले ८३३ रुपये. खडू, लाईटबिल, किरकोळ दुरुस्ती, संडासाची स्वच्छता, सगळं त्यातच. लाईट कापली की मग त्या 'डिजिटल शाळेच्या' टीव्हीवर धूळ बसते. गुरुजी खिशातून पैसे घालतात, नाहीतर गावात वर्गणी मागत फिरतात.

दोन शिक्षक, चार वर्ग. त्यातला एक बीएलओच्या कामावर, नाहीतर कुठलीतरी ऑनलाइन माहिती भरत बसलेला. आईबाप हे बघतात आणि पोट मारून पोराला इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवतात. त्यांना कोण दोष देणार? पण पोरगं गेलं की पट घसरतो. पटावर अनुदान, पटावर शिक्षक, म्हणून तेही कमी होतात. उरलेले आईबाप ते बघतात आणि आणखी चार पोरं जातात. मग वरून कागद येतो : शाळा कमी पटाची.

सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, पानशेत आणि तोरणमाळचे दाखले देऊन. कागदावर छान दिसतं. पण आपल्याकडच्या वाडीवर, तांड्यावर, पाड्यावर पावसाळ्यात ओढा भरला की गाडी येत नाही. त्या दिवशी पहिलीतली पोरगी कुठं जाणार? आणि अशा अडचणीत शाळा आधी कुणाची सुटते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मुलीचीच सुटते.

"पैसा नाही" म्हणतात. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात पुन्हा तेच ६ टक्के लिहिलंय. शिक्षणाच्या नावाने २००४ पासून २ टक्के उपकर लागला. आज आरोग्य आणि शिक्षण मिळून ४ टक्के आहे. तो केंद्राकडे जातो आणि राज्यांच्या करवाट्यात धरला जात नाही. म्हणजे शिक्षणाच्या नावाने आपण भरतोय, आणि वाडीवरची शाळा ८३३ रुपयांत महिना काढतेय!

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड होता. एका संस्थानाला शंभर वर्षांपूर्वी जमलं, ते एवढ्या मोठ्या राज्याला का जमू नये?

आता कुणी म्हणेल, गुरुजींच्या पगारावर एवढा खर्च होतो, त्याचं काय? कामचुकार गुरुजी आहेतच. त्यांची तपासणी करा, कारवाई करा, आमचा पाठिंबा आहे. पण शाळा बंद केली तर गुरुजींची फक्त बदली होते. शिक्षा पोराला होते.

नुसता संताप करून मात्र काही होणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. शाळा विकास आराखडा ही समिती करते, आणि सरकारी अनुदानाचा आधार तोच आराखडा असतो, असं कायद्याच्या २२ व्या कलमात लिहिलंय. आपल्या शाळेचा आराखडा मागा. कितीतरी गावांत तो सह्या करून कपाटात पडलेला असतो. येत्या ग्रामसभेत तो मोठ्याने वाचायला लावा. काय मागितलं, किती मिळालं, कधी मिळालं, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.

शाळेवर पोरं नाहीत म्हणून कुलूप लावायला येतील, तेव्हा ही इतिवृत्ताची वही त्यांच्यापुढे ठेवता आली पाहिजे.