समुदायाचा रविवार

समुदाय म्हणजे काय हे आमच्या इंदापूर तालुक्यातल्या शाळांना वरून कळवावं लागलं, ह्याचं मला अजून हसू येतं. २०२४ च्या जुलैत, २२ ते २८ तारखांना, देशभर शिक्षण सप्ताह झाला. नव्या शैक्षणिक धोरणाला चार वर्षं झाली म्हणून. सोमवारी शैक्षणिक साहित्य, मंगळवारी वाचन आणि अंकज्ञान, बुधवारी खेळ, गुरुवारी सांस्कृतिक, असं करत करत सातवा दिवस समुदायाचा. तो आला रविवारी.

माझी नात तेव्हा तिसरीत होती. वस्तीवरची शाळा, दोन शिक्षक, चार वर्ग. मी रिकामटेकडा म्हातारा, आठवडाभर तिथंच होतो. म्हणून बोलतोय.

सोमवारी शेजारची म्हातारी चिंचोके घेऊन आली. ओसरीवर बसली, पदरातनं चिंचोके ओतले आणि पोरांना पाचपाचाच्या राशी घालायला लावल्या. इतकं चांगलं गणित मी त्या ओसरीवर क्वचितच बघितलंय. एक पोरगं, जे वर्गात तोंड उघडत नाही, ते मोठमोठ्यानं मोजायला लागलं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “आजी, जरा इकडं बघा.” आजीनं पदर सारखा केला, कॅमेऱ्याकडं बघितलं. पोरंही बघायला लागली. राशी मोडल्या त्या मोडल्याच.

बाईंचा राग नाही मला. त्यांनीच दुपारी, रेंज मिळावी म्हणून चारीच्या भरावावर उभं राहून, मला सांगितलं, “आबा, रोजचे फोटो रोज गेले पाहिजेत. नाहीतर आपल्या शाळेनं काही केलंच नाही असं दिसतं.” बाई भरावावर, दुसरे गुरुजी माहिती भरण्यात, आणि आत चार वर्ग एकमेकांच्या खोड्या काढत बसलेले. मूलभूत अंकज्ञानाचा दिवस आमच्याकडं असा गेला. खेळाचा दिवस मात्र झकास झाला, खोटं कशाला बोलू. लंगडीत आमची नात तिघांना बाद करून आली.

पण ह्याच्या दोनच आठवडे आधी काय झालं होतं ते बघा. तुकोबांची पालखी बारामतीवरून सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला गेली. बेलवाडीच्या रिंगणाला आमची निम्मी वस्ती. एक दिंडी शाळेत विसाव्याला थांबली, तेव्हा घराघरातनं भाकरी आल्या, पोरांनी तांब्यानं पाणी वाटलं, आणि दिंडी गेल्यावर आयांनी खराटे घेऊन पटांगण झाडलं. परिपत्रक नव्हतं, फलक नव्हता. कुणी अहवालही लिहिला नाही.

जुन्या काळाचं गुणगान गाणाऱ्यांतला मी नाही. बहात्तरच्या दुष्काळात शाळेत सुकडी मिळायची म्हणून आम्ही शाळेत जायचो, शिकायला कमीच. आणि शनिवारी शाळा सारवायची ती पोरींनीच, शेणाची पाटीही त्यांच्याच डोक्यावर. आम्ही पोरं तोवर विटीदांडू खेळायचो. तो समुदाय काही फार न्यायाचा नव्हता. पण गाव शाळेत होतं एवढं खरं.

आज गावाला शाळेत आणायचं तर कायदा आधीच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे, तीत पाऊण सदस्य पालक, निम्म्या बाया. शाळेचा विकास आराखडा त्यांनी करायचा. कायद्यात आहे, कुणाची मेहरबानी नाही. आमच्याकडं काय होतं? रजिस्टर घरोघर फिरतं आणि आया सही करतात, काहीजणी खुरपं हातात धरूनच. काय लिहिलंय ते वाचून कोण दाखवतंय? सप्ताहाच्या अहवालाला जेवढा वेळ गेला तेवढा त्या आराखड्याला दिला असता तर सातवा दिवस वेगळा काढायची गरजच पडली नसती.

जूनच्या बैठकीत एक आई बोलली होती. खालमानेनं, पण बोलली. मुलींच्या संडासाला आतनं कडी नाही. ठरावात लिहिलं की नाही देव जाणे.

रविवारी फलक लागला, जिलेबी झाली, ती गावातल्याच एकानं दिली. आम्ही नेहमीचेच पाचसहा जण आलो. बाया नव्हत्या. रोजंदारीच्या बाईला रविवार कुठला? उसात खुरपणी चालू होती. फोटोत गर्दी दिसावी म्हणून पोरांना आमच्या मागं उभं केलं.

कडी अजून नाही. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. मैत्रीण नसली की नात घरी येईपर्यंत तशीच थांबते, म्हणून शाळेत पाणीच पीत नाही. हे तिच्या आजीनं ओळखलं, भरलेली बाटली तशीच परत यायला लागल्यावर. मी आठवडाभर शाळेत बसून होतो, मला कळलं नव्हतं.