बेसूर कोण, नळी की पेटी?

हॉर्न म्हटले की आपल्याला मोटारीचा भोंगा आठवतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील हॉर्न मात्र पितळी वाद्य आहे. सुमारे पावणेचार मीटर लांबीच्या नळीचे वेटोळे. हंगेरियन संगीतकार लिगेती यांनी त्यासाठी रचलेला ‘हॅम्बुर्ग कंचेर्टो’ २००१ साली हॅम्बुर्ग येथे प्रथम सादर झाला. वर्गात मी त्याचे ध्वनिमुद्रण ऐकवले, तेव्हा मुले हसली. “सर, हे बेसूर आहे!” माझे मत वेगळे आहे.

झडपा नसलेल्या हॉर्नमधून, आपल्या तुतारीप्रमाणेच, केवळ ओठांच्या कंपनाने स्वर काढावे लागतात. नळीचा आकार असा साधलेला असतो की, आतील हवा जवळजवळ पूर्णांकी पटींच्या कंपनांनाच साथ देते. मूळ कंपनसंख्या सेकंदाला ४४ धरली, तर ८८, १३२, १७६ असे स्वर मिळतात. आठवा स्वर ३५२. त्याला षड्ज माना. मग पेटीचा शुद्ध मध्यम सुमारे ४७० आणि तीव्र मध्यम ४९८ येतो. नळीचा अकरावा स्वर मात्र ४८४, म्हणजे अगदी मधोमध! पेटीत त्याला पट्टीच नाही.

पूर्वीचे वादक हॉर्नच्या तोंडात हात घालून असा स्वर जागेवर ओढीत. १८१८ मध्ये प्रशियात झडपांचे पेटंट घेतले गेले आणि पुढे ती गरज कमी झाली. लिगेतींनी मुख्य वादकाच्या जोडीला चार बिनझडपी हॉर्न दिले आणि स्वर ‘दुरुस्त’ न करता वाजवण्यास सांगितले. वरचे स्वर दाटीने असतात. ओठ किंचित ढळले की शेजारचा स्वर लागतो. त्यात सवयीचा कान पेटीच्या स्वराकडे ओढतो. अवघड आहे ते हेच.

पेटीला मी कमी लेखत नाही. सप्तकाचे बारा समान भाग केल्यानेच तिच्यावर कोणताही सूर षड्ज धरता येतो. पण ती माणसाने केलेली सोय आहे, निसर्गनियम नव्हे.

प्रयोगशाळेत अनेक विद्यार्थी पुस्तकातील उत्तर यावे म्हणून आकडे बदलतात. तेही हॉर्नमध्ये हात घालणेच! दोन मीटर रबरी नळी आणि एक नरसाळे घ्या. ओठ थरथरवून फुंका, निघालेले स्वर पेटीशी ताडून पाहा आणि जसे आढळले तसेच वहीत लिहा. न जुळणारा स्वर खोडू नका. शिकायला तेथूनच सुरुवात होते.