पक्के घर कशाला म्हणायचे?

४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी साडेसातच्या सुमारास गडचिरोली आणि चंद्रपूरकडची माणसे घराबाहेर धावली. गोदावरीपलीकडे, तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला होता. हादरे नागपूरपर्यंत जाणवले. आपल्याकडे मोठी हानी झाली नाही, त्यामुळे चार दिवसांत विषय मागे पडला. तो इतक्यात मागे पडू नये, असे मला वाटते.

कारण हा पाहुणा अगदीच अनोळखी नाही. वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या काठाने जमिनीचा एक प्राचीन, खचलेला पट्टा गेला आहे. बल्लारपूरचा कोळसा त्यातलाच. सिरोंचा तालुक्यात सापडलेले डायनोसोरचे अवशेषही त्यातलेच. याच पट्ट्यात, भद्राचलमजवळ, १९६९ मध्येही मोठा भूकंप झाला होता.

किल्लारीचे उदाहरण तर अजून ताजे वाटते. तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याचा होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गाव झोपलेले असताना, त्या परिसरात सुमारे आठ हजार माणसे गेली. घरे दिसायला मातबर. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. अशा भिंतीला आतून एक आणि बाहेरून एक असे दोन पदर असतात. दोहोंना धरून ठेवणारे आरपार लांब दगड नसले, की हादऱ्यात पदर सुटतात, भिंत फुगते आणि माळवद खाली येते. गरिबांच्या हलक्या छपराच्या झोपड्या मात्र पुष्कळ ठिकाणी उभ्या राहिल्या.

आता आपल्या जंगलातले जुने घर डोळ्यांसमोर आणा. जमिनीत रोवलेले लाकडी खांब, बांबूच्या ताटव्यांवर माती लिंपलेला कूड, वर कवेलू. भूकंपाचा जोर घराला त्याच्या वजनाच्या प्रमाणात बसतो. हे घर हलके, त्यात छपराचा भार खांबांवर. माती गळून पडेल, कवेलू घसरतील, पण सांगाडा सहसा झुलून पुन्हा उभा राहील. (वाळवी आणि आग यांपुढे ते दुबळे आहे, हेही खरे. जुन्याचे उगाच गोडवे गाण्यात अर्थ नाही.)

बँकेच्या नोकरीत तारणाच्या घराबद्दल दोनच शब्द कानी पडायचे, कच्चे आणि पक्के. विटा-सिमेंट दिसले की पक्के. आता घरकुल योजनेमुळे गावोगाव कूड जाऊन विटा येत आहेत. लोकांना कोरडे, टिकाऊ घर हवे, त्यात गैर काही नाही. परंतु नुसत्या विटांची भिंत जड असते आणि ठिसूळही. तिला बांधून ठेवले नाही, तर चार भिंती चार दिशांना जातात.

बांधायचे कसे, हे काही गुपित नाही. दार-खिडक्यांच्या डोक्यावरून, सगळ्या भिंतींवर अखंड फिरणारा तीन इंच जाडीचा काँक्रीटचा पट्टा, त्यात दोन सळ्या. कोपऱ्यांत जोत्यापासून छतापर्यंत उभी सळई. दार-खिडकी कोपऱ्याला अगदी खेटून नको. बहुतेक ठिकाणी मिस्त्री फक्त दारावर तुकडा-तुकडा लिंटेल टाकतात. कमरेला पट्टा बांधण्याऐवजी नुसते बक्कल लावण्यासारखेच ते!

साध्या घराकडून शास्त्राची अपेक्षा माफक आहे. छोट्या धक्क्यात तडा जाऊ नये, मोठ्यात घर फाटले तरी माणूस जिवंत बाहेर यावा. इस्पितळाला मात्र एवढे पुरत नाही, कारण धक्क्यानंतर लगेच तिथेच रीघ लागते. २००१ मध्ये भुजचे इस्पितळ कोसळले. ते पुन्हा बांधताना इमारत आणि पाया यांच्या मध्ये शिसे-रबराचे टेकू बसवले, म्हणजे जमीन हलली तरी वरची इमारत कमी हलते. खर्च आहे, पण पुढे गडचिरोलीत मोठे रुग्णालय बांधताना तो हिशेब निदान मांडून तरी पाहावा.

घरकुलाचे पैसे हप्त्यांनी मिळतात आणि काम कुठवर आले याचे फोटो काढले जातात. त्यात एक फोटो वाढवावा: काँक्रीट ओतण्याआधी, चारही कोपऱ्यांतून वळवून एकमेकींत गुंतवलेल्या पट्ट्याच्या सळ्यांचा. तो असेल तरच पुढचा हप्ता सोडावा. आणि त्या सळ्यांचे पैसे अनुदानात वेगळे, लाभार्थ्याच्या खिशातून नव्हे.